मुकी करवत

"आधी पाय टेकवा, मंग खटका दाबा."

हे तो सगळ्यांना सांगायचा. ज्यांना करवत चालवायची होती त्यांना सांगायचाच, पण ज्यांचा करवतीशी काडीचा संबंध नाही त्यांनाही सोडायचा नाही. माझ्या नातीच्या साक्षगंधाला नवरदेवाचा मामा हात धुवायला उठला, तर त्याला गाठून याने हेच सांगितले. मामा बिचारा आपल्या चपला पाहू लागला.

पाय म्हणजे करवतीचा पाय. बॅटरीवर चालणारी करवत होती ती. तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. सुसरीसारखे लांब नाक, नाकातून बाहेर आलेले वीतभर पाते, आणि मागे मुठीत खटका. खटका दाबला की पाते शिवणयंत्राच्या सुईसारखे मागेपुढे धावते. पाते जिथून बाहेर येते तिथे लोखंडाची एक पट्टी असते. तिलाच तो पाय म्हणायचा. ती लाकडाला घट्ट टेकवली नाही तर लाकूड जागच्या जागी राहते आणि माणूस हलतो. पहिल्या दिवशी आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष असाच हलला. त्याची टोपी तलावात पडली. टोपी काढायला कोणी गेले नाही, सगळे हसत बसले.

तो माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एकच कुडाची भिंत, त्यामुळे त्याच्या चुलीवर काय शिजते आणि काय शिजत नाही हे मला न विचारता कळायचे. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करी. तो मला बाई म्हणे. त्याचे नाव लिहीत नाही. त्याला ते आवडले नसते.

आमचे गाव चंद्रपूरकडच्या मूल शहरापासून आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. आम्ही ढिवर. तलावातली मासळी आणि दोन-चार बांध्यांतले धान यावर आमचे चालते. तो तरुण होता तेव्हा फार दारू प्यायचा. एका पावसाळ्यात सोसायटीचा डोंगा रात्री काठाला बांधून ठेवायचे काम त्याच्याकडे होते. तो पिऊन पाळीवर झोपला. तलावाला पूर आला, डोंगा सुटला, सांडव्यावरून खाली गेला आणि दगडांवर फुटला. त्यानंतर गावाने त्याच्या हातात काही दिले नाही. जाळे ओढायला उभा राहिला तर कोणीतरी म्हणायचे, "तू टोपल्या उचल." मासळीचे वाटे पडायचे तेव्हा तो सगळ्यांच्या मागे उभा असायचा. त्याने दारू सोडली. पण गावाला ती आठवण फार प्यारी होती, गावाने ती सोडली नाही. त्याची बायको मेली तीही डोंगा बुडवणाऱ्याची बायको म्हणूनच.

मग ती करवत आली.

झाले असे की तलावाची पाळ उंच केली आणि पाणी वर चढले. काठावरची बाभळी, पळस, येन अशी झाडे उभ्या उभ्या पाण्यात मेली. फांद्या गळून गेल्या, खुंट राहिले. वरून दिसत नाहीत, पण जाळे टाकले की अडकते. ओढले की फाटते. आम्ही बाया अर्धा जन्म जाळी शिवत बसायचो. पेट्रोलची करवत आणावी तर आमचा जिल्हा जंगलाचा. घरात तसली करवत आहे असे कळले की वनखात्याचा माणूस चहाला येऊन बसतो आणि उठत नाही. तेव्हा अध्यक्षाने चंद्रपूरहून एका ठेकेदाराची वापरलेली ही बॅटरीची करवत आणली. डोंग्यात बसून तलावाच्या मधोमध नेता येते, तार लागत नाही.

ती ठेवायची कोणी, यावर सभा भरली. बिघडली तर जबाब द्यावा लागेल म्हणून कोणी हात वर करेना. तेव्हा तो मागून उभा राहिला.

"मी ठेवतो जी."

अध्यक्षाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. दुसरे कोणी नव्हते. "ठेव बाप्पा," तो म्हणाला.

गावाने त्याच्यावर विश्वास टाकला असे नव्हते. गावाला दुसरा कोणी मिळाला नव्हता. पण त्याने तो विश्वासच समजला. आणि खरे सांगते, तसे समजून तो माणूस वेगळाच झाला. अगदी नकोसा झाला, इतके बोलायला लागला.

आमच्याकडे तेव्हा लाइन येण्यापेक्षा जाण्याचीच खात्री जास्त होती. लाइन आली की तो चार्जर लावून समोर पाट टाकून बसायचा. लाल दिवा असतो, भरली की हिरवा होतो. तो हिरवा होईपर्यंत याचे जेवण नाही. भिंतीपलीकडून मी विचारायची, "पिकली का रे तुही बॅटरी?"

"अजून कच्ची हाये बाई."

उन्हातून आणलेली बॅटरी चार्जरला लावली तर दिवाच लागत नसे. इतर लोक म्हणायचे बिघडली. तो म्हणायचा, "तापली हाये. तापलेल्या मानसाले जेवाले बोलावता का तुमी? थंडी होऊ द्या, मंग जेवते." मग तो तिला माठाजवळ सावलीत ठेवायचा. माठावर नाही, माठाजवळ. यावरही त्याचे एक भाषण होते.

पाते लाकडात अडकले तर ओढायचे नाही, वरची फांदी कोणीतरी उचलून धरायची आणि फटीत पाचर मारायची. पाते वाकले तर सपाट दगडावर ठेवून हातोडीने हळू सरळ करायचे. पाते सारखे निसटून पडत असेल तर ते ज्या चिमट्यात बसते तिथे चिखल आणि डिंक बसला आहे असे समजायचे. तो जुन्या दात घासायच्या ब्रशने, रॉकेल लावून, तिथे घासत बसायचा. एकदा मी म्हटले, "सोताचे दात तं कधी एवढे घासले नाई."

"माहे दात गेले तं माहेच गेले," तो म्हणाला. "हे सोसायटीचे हायेत."

अध्यक्ष एकदा तणतणत आला, मशीन मेली म्हणून. याने खटक्याच्या बाजूची एक लहानशी कडी बोटाने सरकवली आणि मशीन घर्र सुरू झाली. अध्यक्ष गेल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मीच पाणी नेऊन दिले.

आणि पाणी. पाण्याचे तो सगळ्यात जास्त सांगायचा. डोंग्यात पण करवत गुडघ्यावर, वर शेला. "लाकूड वलं असलं तं चालते. मशीन वली झाली तं नाई चालत. आन् पान्यानं ते त्याच दिवशी मरत नाई. गंज आतल्या आत खाते. वरून मानूस धडधाकट, आतून खलास." हे गावात प्रत्येकाने ऐकले होते. बायांनी ऐकले, म्हाताऱ्यांनी ऐकले. आम्हाला ते रामनामासारखे पाठ होते. हे लक्षात ठेवा.

पहिल्या उन्हाळ्यात त्याने पाळीकडच्या बाजूचे खुंट कापून काढले. त्या पावसाळ्यानंतर जाळे कमी फाटले हे सगळ्यांना दिसले. कोणी तोंडाने म्हटले नाही, पण जाळे ओढताना त्याला कोणी टोपल्या उचलायला पाठवेना.

मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला अवजार नुसते पुजत नाहीत. जे जे तलावाच्या कामाचे, जाळे असो, वल्हे असो, कोयता असो, ते आधी तलावात एक बुडी मारून येते, मग त्याला हळद-कुंकू लागते. कोरडे अवजार पुजायचे नाही. ज्या तलावाने पोसले त्याला आधी भेटायचे, असा रिवाज. आणि पहिली बुडी ज्याच्या हाताने पडते त्याचा त्या वर्षी मान. बहुतेक ती अध्यक्षाची असायची, नाहीतर कोण्या जुन्या जाणत्याची.

सगळे गाव पाळीवर होते. ढोल वाजत होता. त्याने करवत घरून आणली होती, पुसून, नवा शेला गुंडाळून. मला सकाळीच म्हणाला होता, "मी हिले दुरूनच दाखवतो बाई तलाव. चार थेंब फुलानं शिंपडू, झालं."

अध्यक्षाने जाळे उचलले, थांबला आणि त्याच्याकडे वळला.

"भाऊ, या साली जाळं तुह्यामुळं वाचलं. पयली बुडी तुही. घे मशीन, उतर पान्यात."

ढोलवाल्याने ढोल जोरात घेतला. लोकांनी वाट करून दिली. ज्या माणसाला एकेकाळी वीस हातांनी ओढायच्या जाळ्याच्या दोरीलाही हात लावू देत नव्हते त्याला सगळ्यांच्या पुढे वाट करून दिली.

तो उभा राहिला. मला वाटले आता बोलेल. इतके दिवस जे लोकांचे कान किटेपर्यंत बोलला ते एकदा इथे बोलेल. त्याने बॅटरी काढण्यासाठी हात नेला, आणि अध्यक्ष म्हणाला, "अर्धी काय बुडवत? पुरी बुडव." लोक हसले. चांगले हसले, मायेने. त्याने हात मागे घेतला.

तो पाण्यात उतरला, कमरेपर्यंत गेला आणि करवत डोक्यावर घेऊन तिच्यासकट पुरी बुडी मारली.

त्याला माहीत होते. त्याच्याइतके कोणाला माहीत होते? आणि आम्हालाही माहीत होते, त्यानेच शिकवले होते. पाळीवर एवढी माणसे होती, एकाच्याही तोंडून "थांब" निघाले नाही. मान देताना आम्हाला इतके बरे वाटत होते.

वर आल्यावर त्याने करवत उंच धरली आणि खटका दाबला. नाकातून पाणी उडाले आणि मशीन घर्र चालली! लोकांनी आरोळी ठोकली. मी त्याचा चेहरा पाहिला. तो हसत नव्हता. करवत कानाजवळ नेऊन ऐकत होता, तापाच्या लेकराचा श्वास ऐकतात तसा.

त्यानंतरचे मी भिंतीतून ऐकले. उन्हात सुपात वाळत घातलेली करवत मला दिसली, पण बाकी सगळे ऐकलेच. ब्रशने घासणे. ओल निघावी म्हणून धानाच्या ढोलीत बॅटरी पुरून ठेवली, ती काढताना धान सांडले, त्याचा आवाज. मग खटका. टक. थोडे थांबून पुन्हा टक. आधी मशीन थोडी गुरगुरायची, मग नुसतीच टक व्हायला लागली.

एका संध्याकाळी त्याने पलीकडून विचारले, "बाई, तुमचा पंखा चालू हाये का?"

"हाये."

त्याने आणखी एकदा खटका दाबला. टक. मग म्हणाला, "मंग माह्याकडंच लाइन नसन."

त्याच्या घरातला बल्ब कुडाच्या फटींतून मला दिसत होता. पण मी म्हटले, "नसन."

तलाव भरलेला असतो तोपर्यंत करवतीचे काम नसते. हिवाळा तसाच गेला. कोणी विचारले, "भाऊ, मशीन कशी हाये?" तर तो म्हणायचा, "मजेत हाये." बोलणे मात्र कमी झाले. पाय टेकवा, खटका दाबा, हे कोणाला सांगेना. मला आधी बरे वाटले, मग बरे वाटेना.

होळी झाली, पाणी खाली गेले, पलीकडच्या काठचे खुंट वर दिसू लागले. ते कापायचे काम त्याचे. तो रोज भर दुपारी जायचा, जेवून सगळे गाव पडलेले असते तेव्हा. डोंग्यात शेल्यात गुंडाळलेली करवत आणि एक पोते. दिवस कलता कलता लाकडे घेऊन परत यायचा. लोक म्हणायचे, "चालली वाटते मशीन." तो म्हणायचा, "नवं पातं टाकलं. मुकं पातं हाये, आवाज नाई करत."

तलाव आटला की काठच्या चिखलात आम्ही बाया झिंगे धरतो. एका दुपारी मी जरा लांब गेले, बेशरमाच्या झुडपांपलीकडे. तिथे तो होता. गुडघाभर चिखलात उभा, अंगात सदरा नाही, आणि हातात सुताराची साधी करवत. खर्र खर्र बाभळीचा खुंट कापत होता. वाळून लोखंड झालेली बाभूळ ती. बॅटरीची करवत डोंग्यात शेल्यावर निजवलेली होती, सावली पडेल अशी.

त्याने मला पाहिले. हातातली करवत पाठीमागे नेली. एवढा मोठा माणूस, चोरून गूळ खाताना धरल्यासारखा.

"मुकं पातं हाये बाई," तो म्हणाला.

"असन. मले तसंबी आयकू येत नाई."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

तो हसला नाही. त्याच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. म्हणाला, "बाई, कोनाले..."

"मी कोनाले काय सांगू? माहे झिंगे मरून रायले, मी चालली."

मी कोणाला सांगितले नाही. हे मी इथे लिहिते, कारण पुढे त्याचा प्रश्न आला.

त्याने पलीकडचा अख्खा काठ हाताने कापला. उन्हाळाभर. बोटांचे सांधे सुजले, ताट धरता येईना, तरी दुपार झाली की चालला. मला वाटत होते, हे फक्त त्याला आणि मला माहीत आहे.

मासळीचे बीज आम्ही मुलचेऱ्याकडच्या बंगाली लोकांकडून आणत असू. त्यांच्याही तलावात असेच मेलेले खुंट होते. आमच्या अध्यक्षाने त्यांच्यासमोर बढाई मारली, आमच्याकडे मशीन आहे, मशीनवाला आहे, येऊन पाहा. पावसाच्या तोंडावर ते जीप करून आले. सोसायटीच्या ओसरीवर चटया टाकल्या, चहा झाला, बाभळीचा एक ओंडका आणून मधोमध ठेवला. गाव जमले. त्याला बोलावणे गेले.

तो धुतलेला सदरा घालून आला. करवत दोन्ही हातांवर आडवी धरलेली. मला वाटले, म्हणेल की तब्येत बरी नाही. तसे तो काही म्हणाला नाही. पाहुण्यांपैकी जो वयस्कर होता तो म्हणाला, "दादा, एक बार चलाके दिखाओ ना."

तो ओंडक्याजवळ बसला आणि त्याने सुरुवात केली. आवाज अगदी पहिल्यासारखा.

"पयले कडी पाहाची. सरकली नसन तं खटका दबत नाई." त्याने कडी सरकवली. खटका दाबला. टक.

"मंग बॅटरी काढून पुन्हा बसवाची. नीट बसली नसन तं लागत नाई." काढली, बसवली. टक.

"तिच्या पट्ट्यांवर मळ असते. कोरड्या कापडानं पुसाचा." पुसला. टक.

"मंग पातं. अडकलं असन तं मोकळं कराचं." पाते काढले, चिमटा घासला, पाते पुन्हा लावले. घाई नाही, काही नाही. त्याला माहीत असलेले एकेक तो करत गेला, आणि प्रत्येक वेळी शेवटी खटका दाबत गेला. ओसरीवर इतकी माणसे, पण दुसरा आवाज नव्हता. मी पदर तोंडात धरला होता. हसू नव्हते ते.

शेवटी त्याने पाय ओंडक्याला टेकवला. घट्ट. खटका दाबला आणि दाबूनच धरला.

काही झाले नाही.

अध्यक्षच आधी बोलला. "लाइन नव्हती न कालपासून. बॅटरी भरली नसन." डोक्यावर सोसायटीचा पंखा गरगर फिरत होता.

"गरमी किती हाये," ढोलवाला म्हणाला. "तापली असन."

"तापलीच असन," आणखी एक बाई म्हणाली. "थंडी झाली की चालते."

आणि मागून एक म्हातारा बोलला, "पातं मुकं हाये न त्याचं. चालू असन. आपल्याले आयकू येत नसन."

कोणी हसले नाही. एकही माणूस हसला नाही. तिथे मला कळले. मला काय, त्यालाही कळले. दुपारची ती खर्र खर्र साऱ्या गावाने ऐकली होती. पाण्यावरून आवाज लांब जातो. प्रत्येकाने ती ऐकली आणि प्रत्येकाने शेजाऱ्यापासूनसुद्धा लपवून ठेवली. आणि तो बिचारा रोज चोरासारखा पोते घेऊन जात होता.

त्याने मान वर केली. एकेकाचा चेहरा पाहिला. लोक चटईकडे पाहू लागले.

"तुमाले सगळ्याइले मालूम होतं?"



मग त्याने माझ्याकडे पाहिले. "बाई, तुमी सांगतलं?"

"नाई रे," मी म्हटले. "तुही शपथ, नाई."

त्याने विश्वास ठेवला की नाही, मला कळले नाही.

पाहुण्यांना काही समजेना. अध्यक्ष त्यांना घाईघाईने सांगू लागला, मशीन राहू द्या, पण खुंट तर सगळे निघाले, या एकट्याने हाताने काढले, जाऊन पाहा. "हाथ से? पूरा?" असे म्हणून त्या वयस्कर माणसाने आदराने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा करून तळवा पाहिला. इतर पाहुणेही वाकून पाहायला लागले. "बाप रे!" एक जण म्हणाला. त्या लोकांनी काही वाईट केले नाही. चांगल्या मनाने कौतुक केले. पण मी त्याच्याकडे पाहत होते. दारू पिऊन डोंगा घालवला तेव्हा गावाने त्याला शिव्या घातल्या होत्या, तेव्हाही त्याची मान अशी पडली नव्हती. त्याने हात ओढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"भाऊ," अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाला, "म्याच मनलं होतं तुले, पुरी बुडव म्हून. पुढच्या साली दुसरी आनू. तूच ठेवजो."

"नको जी."

"अरे तुह्याशिवाय कोन..."

"नको."

त्याने करवत शेल्यात गुंडाळली, अध्यक्षाच्या चटईवर ठेवली आणि ओसरी उतरून गेला. शिव्या दिल्या असत्या तर त्याला भांडता आले असते. आम्ही त्याला सांभाळून घेतले होते, उन्हाळाभर, त्याला न विचारता. त्याचे काय करावे हे त्याला कळले नसावे. मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे आवाज नव्हता. चूल पेटली नव्हती. दाराला कडी लावलेली, कुलूप नाही, कारण आत चोरून नेण्यासारखे काही नव्हते. लोक म्हणाले चंद्रपूरला गेला, कोळशाच्या गाड्यांवर. कोणी म्हणाले वणीकडे. त्या पावसाळ्यानंतर जाळे पहिल्यांदाच तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले आणि एकही टाका न उसवता वर आले. मासळी खूप होती.  अध्यक्षाने त्याचा वाटा वेगळा काढून ठेवला. तो नेणारा कोणी नव्हता, उन्हाने वास मारायला लागला, तेव्हा कुत्र्यांना टाकला. नवी मशीन कोणी आणली नाही. विषयच कोणी काढला नाही.

पुढे एकदा मी मूलच्या बाजाराला मासळी घेऊन गेले होते. राइस मिलच्या रस्त्याने परत येत होते. मिलच्या आवारात कोंड्याची पोती रचलेली होती आणि एक माणूस फडा घेऊन कोंडा झाडत होता. अंगभर कोंडा, डोळ्यांच्या पापण्यांवरही. पण चाल ओळखू येते. मी हाक मारायला तोंड उघडले तेवढ्यात त्याने मला पाहिले.

तो धावला नाही. फडा हळूच भिंतीला टेकवला आणि पोत्यांच्या मागे गेला. पोती उंच नव्हती. त्याचे डोके आणि एक खांदा दिसत होता. तो वाकून बसला, तरी पाठ दिसत होती.

मी तिथे जाऊ शकले असते. दहा पावलांवर होता. चल म्हटले असते, घर पडून राहिले आहे म्हटले असते. माझे तोंड काही बंद राहणारे नाही, साऱ्या गावाला माहीत आहे. पण माणूस एवढ्या कष्टाने लपला आहे, आणि पुन्हा आपण त्याला पाहिले असे त्याला कळू द्यायचे? एवढे झाल्यावर आणखी एकदा?

मी त्याच्याकडे पाठ केली. रस्त्यापलीकडे बांगड्यांचे दुकान होते, तिथे जाऊन उभी राहिले. या वयात मला कसल्या बांगड्या. पण हिरव्या पाहिल्या, लाल पाहिल्या, दुकानदारणीशी मोठमोठ्याने बोलत राहिले. तिने एक डझन काढून दाखवल्या, दुसऱ्या काढल्या. मागे फड्याचा आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत मी वळले नाही. सुरू झाला तेव्हाही वळले नाही. टोपली डोक्यावर घेऊन सरळ बसस्टँडवर गेले.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो त्याच मिलच्या आवारात मेला, असे मिलच्या ट्रकवाल्याकडून गावाला कळले. माती त्या लोकांनीच दिली होती. आता तिथे कोणी नाही, पोती वेगळी, माणसे वेगळी. तरी बाजाराला जाताना ती मिल आली की मी पदर पुढे ओढते आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत चालते.